ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (जन्म : न्यू यॉर्क, ९ डिसेंबर १९०६, मृत्यू : आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, १ जानेवारी १९९२) या अमेरिकी गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ व नौदल अधिकारी होत्या. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या संकलकाच्या (कंपायलरच्या) आद्य निर्मात्यांत त्यांची गणना होते. कोबॉल या संगणकभाषेची उभारणी बऱ्याच अंशी त्यांच्या कामावर झाली. संगणकाची सविस्तर माहितीपुस्तिका लिहिणे आणि संकलकांची परीक्षा घेणाऱ्या आज्ञावल्या तयार करवून घेणे, ही त्यांची दोन कामे तुलनेने कमी परिचित आहेत. मुक्त स्रोत प्रकल्पांत आज दस्तऐवज आणि स्वयंचलित चाचण्या यांना जे महत्त्व आहे, त्याची पूर्वपीठिका या दोन कामांत आढळते.

बालपण व शिक्षण

तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. सातव्या वर्षी घरातील गजराची घड्याळे त्यांनी एकामागून एक खोलून पाहिली. शेवटी आईने एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा दिली. व्हासार महाविद्यालयातून १९२८ साली त्या गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम.ए. व १९३४ मध्ये गणितातील पीएच.डी. त्यांनी मिळवली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ मध्ये ते विभक्त झाले. १९३१ पासून त्या व्हासार येथे गणित शिकवू लागल्या. विद्यार्थिनींकडून त्या गणितावर निबंध लिहून घेत. शिकलेले दुसऱ्याला समजावून देता आले नाही, तर ते शिकणे व्यर्थ आहे, अशी त्यांची धारणा होती.

मार्क १ व माहितीपुस्तिका

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ मध्ये, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वजन नियमापेक्षा कमी भरल्याने त्यासाठी विशेष सवलत घ्यावी लागली. जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली त्यांची नेमणूक झाली. तेथील मार्क १ हे सुमारे साडेपंधरा मीटर लांबीचे गणनयंत्र छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा वाचत असे. हे यंत्र जाणणारी माणसे मोजकीच होती आणि त्याविषयीचे ज्ञान त्यांच्यापुरतेच राहण्याचा धोका होता. एकेन यांनी पुस्तिका लिहिण्याचे काम हॉपर यांच्यावर सोपवले. १९४६ साली ती पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. यंत्राची रचना, आज्ञा लिहिण्याच्या पद्धती आणि सोडवलेली उदाहरणे यांबरोबरच गणनयंत्रांचा इतिहासही तीत होता. आज्ञावली-लेखनाचे विस्तृत विवेचन करणाऱ्या आद्य ग्रंथांत तिचे स्थान आहे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क २ यंत्रात अडकलेला पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटवण्यात आला. संगणकातील दोषाला बग हे नाव हॉपर यांनी या घटनेवरून दिले, असे सांगितले जाते. पण यंत्रातील दोषासाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता आणि पतंग प्रत्यक्ष शोधणाऱ्याही त्या नव्हत्या. मात्र हा किस्सा त्या व्याख्यानांतून आवडीने सांगत.

संकलकाची निर्मिती

मार्क १ वर काम करताना उपयुक्त आज्ञा सहकाऱ्यांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेतल्या जात आणि त्यात चुका होत. हे काम यंत्रानेच करावे, हा विचार पुढे संकलकापर्यंत पोहोचला. १९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी पुढल्या वर्षी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. १९५२ मध्ये ए-० हा संकलक तयार झाला. १९५३ मधील ए-२ ग्राहकांना मूळ संकेतासह देण्यात आला आणि सुधारणा सुचवण्याचे आवाहन करण्यात आले. त्यामुळे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या आरंभीच्या उदाहरणांत ए-२ चा उल्लेख होतो. त्यानंतर इंग्रजी शब्द वापरणारी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या गटाने तयार केली.

कोबॉल व चाचणी-संच

निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी व्यापारी कामकाजाची भाषा असावी, यासाठी १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने समिती स्थापन झाली. तिने घडवलेल्या कोबॉलवर फ्लो-मॅटिकचा मोठा प्रभाव होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. व्यवहारात मात्र प्रत्येक उत्पादकाने भाषेत स्वतःची भर घातली आणि प्रमाणभाषेच्या बोली व्हाव्यात तसे कोबॉलचे झाले. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर नेताना ते पुष्कळदा नव्याने लिहावे लागे. हा खर्च नौदलासारख्या मोठ्या ग्राहकाला सोसावा लागत असे.

१९६६ च्या अखेरीस हॉपर यांना नौदलातून निवृत्त करण्यात आले. पण हा गोंधळ आवरण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलावले गेले. हे सहा महिने पुढे जवळजवळ एकोणीस वर्षे लांबले. नौदलाच्या संगणकभाषा गटाच्या प्रमुख म्हणून त्यांनी कोबॉलची माहितीपत्रके आणि संकलकांची परीक्षा घेणाऱ्या आज्ञावल्या तयार करवून घेतल्या. यातील चाचणी भाषेचा एकेक नियम वापरून उत्तर काढी, ते अपेक्षित उत्तराशी ताडून पाही आणि निकाल छापी. संकलक प्रमाणानुसार आहे, हा उत्पादकाचा दावा अशा रीतीने कोणालाही पडताळता येऊ लागला. अशा चाचण्यांचे काम पुढे राष्ट्रीय मानक संस्थेने चालू ठेवले.

निवृत्ती व सन्मान

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर अखेरपर्यंत त्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार होत्या. व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार दाखवून त्या नॅनोसेकंद म्हणजे काय ते समजावत. तेवढ्या वेळात प्रकाश तितकेच अंतर कापतो. १९९१ मध्ये त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०१६ मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्य पदक मिळाले. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे.

प्रभाव

१९९० च्या दशकात २००० सालच्या तारखांचा प्रश्न सोडवताना जुन्या कोबॉल आज्ञावल्या तपासण्याचे मोठे काम मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससह अनेक भारतीय कंपन्यांकडे आले. ज्या आज्ञावल्यांचे दस्तऐवज उरले नव्हते, त्यांचा अर्थ मूळ संकेत वाचूनच लावावा लागला. ग्नूकोबॉल हा मुक्त स्रोत संकलक आजही कोबॉलच्या १९८५ च्या प्रमाणासाठी बनवलेल्या सरकारी चाचणी-संचावर तपासला जातो.