राज्यसभेतला आपला बॅरिस्टर : राजाभाऊ खोब्रागडे

शहापूर-मुरबाडच्या बौद्धवाड्यांत एप्रिल लागला की जयंतीच्या वर्गणीची धावपळ सुरू होते. त्या गडबडीत ९ एप्रिल हा बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा स्मृतिदिन हमखास राहून जातो. बॅनरवर त्यांचा फोटो क्वचितच दिसतो.

भाऊराव देवाजी खोब्रागडे यांचा जन्म १९२५ चा, चंद्रपूरचा. लंडनहून ते बॅरिस्टर होऊन आले. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरलाही दीक्षा दिली. त्या सोहळ्यामागे राजाभाऊंची मेहनत होती.

१९५८ मध्ये ते राज्यसभेत गेले, तेव्हा वय जेमतेम ३२. पुढे १९६६ आणि १९७८ मध्ये पुन्हा निवडून आले. घोषणांपेक्षा कायद्याच्या कलमावर बोट ठेवून बोलणारा वक्ता अशी त्यांची ओळख. डिसेंबर १९६९ मध्ये काँग्रेस नुकतीच फुटली असताना हा रिपब्लिकन खासदार राज्यसभेचा उपसभापती झाला आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिला. गंमत बघा, ज्याची ताकद बोलण्यात, त्याच्यावर इतरांचे बोलणे आवरण्याचे काम आले!

तरुणांनी लक्षात ठेवावा असा त्या काळातला लढा मात्र सवलतींचा. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारने अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. कागदावर धर्म बदलला म्हणून सवलत गेली. गावाने मात्र पाणवठा बदलला नव्हता. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीचे दार बंदच राहिले. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. भूमिहीनांना जमीन आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र यांच्याबरोबर ही मागणीही त्यात होती. त्यासाठी हजारो भूमिहीन तुरुंगात गेले.

पुढे पक्षाची शकले झाली. एका गटाला तर राजाभाऊंचेच नाव लागले. त्या फुटीत त्यांचाही वाटा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. आपल्या तालुक्यांतही एकाच वाडीत दोन-दोन गटांच्या पाट्या लागतात, त्याची मुळे त्या काळात आहेत.

९ एप्रिल १९८४ रोजी राजाभाऊ गेले. तैलचित्र सेंट्रल हॉलमध्ये लागले १९९० मध्ये, आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारी दुरुस्तीही त्याच वर्षी झाली. आज सेतू केंद्रात रांग लावून केंद्राच्या भरतीसाठी आपण जातीचा दाखला काढतो, तो त्या दुरुस्तीमुळे.