पानातले औषध

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव निघाले की आपल्याला प्लेगची लस आठवते, सर्पदंशावरचे औषध आठवते. पण याच संस्थेत १९२८ साली एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे कोडे सोडवायला घेतले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे. त्या डॉ. लूसी विल्स.

बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी १० मे १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. त्या काळी केंब्रिजमध्ये मुलींना परीक्षेला बसता येई, पदवी मात्र मिळत नसे. १९११ साली वडील गेले, दोन वर्षांनी थोरली बहीण गेली. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊनमध्ये त्यांनी शुश्रूषेचे काम केले आणि परतल्यावर १९१५ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. डॉक्टर झाल्या तेव्हा वय होते बत्तीस. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली. लग्न केले नाही.

त्या काळी मुंबईत गरोदरपणातल्या एका भयंकर पंडुरोगाने गरीब बायका दगावत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या घटे आणि उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या होत. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे सारे संपे. या मृत्यूंची चौकशी चालू होती. त्या कामात गुंतलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्स मुंबईला आल्या.

त्यांनी काय केले? बायकांच्या ताटात डोकावून पाहिले. कोणत्या थरातली बाई काय खाते, किती खाते, याच्या नोंदी केल्या. दूध, फळे, भाजीपाला ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी, त्या गरीब मुसलमान वस्तीतल्या बायकांत हा आजार सर्वांत जास्त, असा हिशेब निघाला. मग असाच निकृष्ट आहार देऊन उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. उंदरांच्या प्रयोगात उवांमुळे पसरणाऱ्या संसर्गाने घोळही घातला. पण बाईंनी धागा सोडला नाही. कामानिमित्त कुन्नूर आणि मद्रासलाही त्या राहिल्या.

उत्तर सापडले ते अगदी साध्या वस्तूत. बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून मार्माइट नावाचा एक काळपट, खारट पदार्थ बनतो. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. हे मार्माइट दिल्यावर आजारी बायका झपाट्याने सुधारू लागल्या. लिव्हरच्या साध्या अर्काने गुण येई, पण शुद्ध केलेल्या अर्काने येत नसे. म्हणजे हा काही वेगळाच घटक होता. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे तो घटक ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक अॅसिड. मुंबईच्या बायकांना वाचवणारे ते हेच.

१९४७ साली निवृत्त झाल्यावरही फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्या पोषणाचा अभ्यास करीत राहिल्या. लंडनमधल्या चेल्सी भागाच्या त्या मजूर पक्षातर्फे नगरसेविकाही होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शोधाचा पुढचा अंक त्यांना पाहता आला नाही. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतले तर बाळाच्या मेंदूत आणि मणक्यात जन्मतः राहणारे दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीने सिद्ध केले.

बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत गोड बातमी कुणाला सांगायची नाही, असा रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, पाच पक्वान्ने, हिरवी साडी. सारे कौतुकाचेच, पण नळी मिटून तोवर सुमारे पाच महिने झालेले असतात. खरे डोहाळे पुरवायला हवेत ते बाळाचा विचार मनात आला तेव्हापासून. म्हणूनच डॉक्टर गर्भ राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला सांगतात. जोडीला पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे हवेत. पालेभाजी रटरटा शिजवून पाणी ओतून दिले, तर त्यातला बराचसा फॉलिक अॅसिडचा अंश मोरीत जातो.

मी बँकेत असताना काही वर्षे गिरणगावातल्या एका शाखेत होते. मुलाची फी, नवऱ्याचे औषध, गावचे घर यांसाठी बायका पैसे काढायला येत. स्वतःच्या तोंडी दोन फळे लागावीत म्हणून कुणी स्लिप भरल्याचे मला आठवत नाही. घरच्या जमाखर्चात बाईचे रक्त हे न लिहिलेले कर्ज असते, आणि बाळंतपणात ते एकदम वसुलीला येते.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. आज लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लूसी विल्स यांनी परळला जे पाहिले, ते पाहायला आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. घरातली सून, लेक शेवटी जेवायला बसते तेव्हा भाजीच्या भांड्यात काय उरले आहे, एवढे बघितले तरी पुरे.