त्याची रात्र, तिची पहाट

ऑगस्ट १९०८. इंग्लंडमधल्या ब्लेनहाइमच्या भल्यामोठ्या वाड्यात पाहुणे उतरले होते. त्यातली २३ वर्षांची एक मुलगी, क्लेमेंटाइन होझिअर, सकाळी ठरल्या वेळेला नाश्त्याला खाली आली. नाश्ता झाला की विन्स्टन चर्चिल तिला गुलाबाची बाग दाखवणार, असं ठरलेलं. विन्स्टन तेव्हा ३३ वर्षांचा, नुकताच मंत्री झालेला. बाग हे निमित्त होतं. खरं काय विचारायचंय, ते तिथल्या सगळ्यांनाच कळलं होतं म्हणा ना!

पण नाश्ता संपला तरी विन्स्टनचा पत्ता नाही. स्वारी वर अंथरुणातच! क्लेमेंटाइन इतकी दुखावली, की सरळ लंडनला परत जावं असं तिच्या मनात आलं. वाड्याचा मालक ड्यूक हा विन्स्टनचा चुलतभाऊ. त्याच्या लक्षात प्रकार आला. त्याने वर चिठ्ठी धाडून विन्स्टनला उठवलं आणि तिला घोडागाडीतून फेरफटका मारायला नेलं. दुपारी दोघं बागेत गेली, पाऊस आला म्हणून एका छोट्या देवळात आडोशाला उभी राहिली आणि तिथे विन्स्टनने एकदाचं विचारलं. १२ सप्टेंबर १९०८ ला लंडनमध्ये लग्न झालंसुद्धा.

म्हणजे मैत्रिणींनो, त्या सकाळीच तिला पुढच्या ५६ वर्षांची चुणूक मिळाली होती.

चर्चिल म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते आणि ती यायलाच हवी. आपल्या स्वातंत्र्याला शेवटपर्यंत विरोध करणारा हा माणूस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली, तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान तोच होता. तरुणपणी फौजेतून तो आपल्याकडेही येऊन गेला. १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना त्याचा खांदा निखळला, ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं. पण आज मला त्याची नाही, तिची गोष्ट सांगायची आहे.

कारण आमच्या मंडळात बायका मन मोकळं करायला येतात, तेव्हा मोठ्या दुःखांच्या आधी एक छोटी कुरकूर हमखास निघते. हे रात्री एकपर्यंत मोबाइल घेऊन बसतात, मला पाचला उठायचं असतं. नाहीतर, मी दहाला पेंगते म्हणून म्हणतात तुला माझ्याशी बोलायलाच नको. कुणाचा नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला, कुणाचा एसटीवर. झोपेच्या वेळा जुळत नाहीत आणि त्याचा अर्थ लावला जातो तो प्रेमाचा, नाहीतर आळसाचा.

क्लेमेंटाइनचा जन्म १ एप्रिल १८८५ चा. घराणं नावाचं मोठं, पण हातात पैसा नाही. ती लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. आईचा हात सढळ, त्यामुळे डोक्यावर कर्ज. काही काळ तर हे कुटुंब फ्रान्समधल्या दिएप गावात जाऊन राहिलं. तिथेच १९०० मध्ये थोरली बहीण किटी टायफॉइडने गेली. पुढे इंग्लंडमध्ये शाळा झाली आणि वरखर्चाला क्लेमेंटाइन फ्रेंचच्या शिकवण्या करू लागली. अशा घरातली मुलगी पैनपै मोजायला शिकते, वेळ पाळायला शिकते. उधळपट्टी आणि अनिश्चितता या दोन्हींची तिला आयुष्यभर धास्ती होती.

आणि पदरात पडला तो विन्स्टन! खर्चाला मोकळा, वेळेला ढिला, गाडी सुटता सुटता स्टेशनवर पोचणारा.

त्याचा दिवस ऐका. सकाळी आठच्या सुमारास जाग. पण उठायचं नाही. नाश्ता बिछान्यातच, वर्तमानपत्रं बिछान्यातच. सेक्रेटरीला मजकूर सांगायचा तोही उशांना टेकून. अकराच्या आसपास आंघोळ. दुपारचं जेवण साग्रसंगीत. मग संध्याकाळी कपडे बदलून चक्क तास-दीड तास झोप. ही सवय त्याला १८९५ मध्ये क्यूबात लागली. तिथल्या लोकांची दुपारची वामकुक्षी त्याला फार पटली. त्या झोपेने एका दिवसाचे दोन दिवस होतात, असं त्याचं गणित. उठून पुन्हा आंघोळ, आठनंतर जेवण, गप्पा आणि सगळं घर झोपल्यावर खरं काम सुरू. रात्रीचे एक, दोन, कधी तीन.

क्लेमेंटाइनचं नेमकं उलट. तिला लवकर झोपायला हवं, सकाळ लवकर हवी आणि शांत हवी. स्वयंपाकिणीबरोबर दिवसाचा बेत ठरवायचा, हिशेब बघायचे, पत्रं लिहायची. मध्यरात्री रंगात आलेल्या मैफलीत बसून राहणं तिला झेपायचंच नाही.

मग यांनी केलं काय? दोन खोल्या. त्यांच्या थरातल्या लोकांत ती रीतच होती, त्यामुळे कुणी भुवया उंचावल्या नाहीत. सकाळचा नाश्ताही ज्याचा त्याच्या खोलीत. विन्स्टन पुढे गमतीने सांगायचा, की आम्ही दोन-तीनदा एकत्र नाश्ता करून पाहिला, पण लग्न टिकवायचं म्हणून नाद सोडला. भेटायचं ते जेवणाच्या टेबलावर. तेव्हा दोघंही जागी असत आणि धडपणे बोलू शकत.

मधल्या वेळात त्यांनी एक गोष्ट कधी सोडली नाही. चिठ्ठ्या. एकाच घरात असूनही या खोलीतून त्या खोलीत चिठ्ठी जायची. तिच्या चिठ्ठीवर मांजराचं चित्र, त्याच्या चिठ्ठीवर डुकराचं. लाडाची नावं होती ती. धाकटी मुलगी मेरी हिने त्यांच्या पत्रांचं जाडजूड पुस्तक १९९८ मध्ये काढलं. त्यात प्रेम आहे, राजकारण आहे, कोळशाचं आणि किराण्याचं बिलही आहे. भांडणंसुद्धा आहेत. तिचा राग मोठा होता. पण तोंडावर बोललं की आवाज चढतो, कागदावर लिहिलं की विचार सरळ होतो, हे तिला कळलं होतं.

सगळं गोडगोड होतं असं नाही हं. १९२१ मध्ये त्यांची मारिगोल्ड नावाची चिमुरडी तीन वर्षांचीही झाली नव्हती, ती जंतुसंसर्गाने गेली. दुखणं सुरू झालं तेव्हा ती आयाजवळ होती, आईवडील दोघंही दूर. क्लेमेंटाइन शेवटी शेवटी पोचली. पुढच्याच वर्षी, मेरीच्या जन्माच्या सुमारास, विन्स्टनने केंटमधलं चार्टवेल हे घर तिला न विचारता घेतलं. दुरुस्तीचा खर्च वाढतच गेला. ते घर तिने चाळीस वर्षं उत्तम चालवलं, पण विचारलं नाही ही खंत काही गेली नाही. मुलं बरीचशी आयांच्या हाती वाढली. नवऱ्याला सांभाळण्यातच तिची सगळी ताकद जात असे. अधूनमधून ती इतकी थकायची की एकटीच विश्रांतीला निघून जायची. १९३४ च्या डिसेंबरात तर चारएक महिन्यांसाठी बोटीने थेट पूर्वेकडच्या बेटांवर गेली आणि बालीहून एक पारवा घेऊन परतली.

मग १९४० आलं. विन्स्टन पंतप्रधान झाला, फ्रान्स पडला, आता पाळी इंग्लंडची असं सगळ्यांना वाटत होतं. त्याच्या रात्री आणखी लांबल्या. मध्यरात्रीच्या बैठकांनी सेनापती मेटाकुटीला येत, कारण ते सकाळी लवकर कामावर आणि साहेब बिछान्यात. टायपिंग करणाऱ्या मुली पहाटेपर्यंत ताटकळत. त्यात त्याची जीभ तिखट झाली. हाताखालचे लोक दुखावले जात होते, पण सांगणार कोण?

क्लेमेंटाइनने सांगितलं. २७ जून १९४० चं तिचं पत्र आहे. एकदा लिहून तिने ते फाडलं होतं, चार दिवसांनी परत लिहिलं. तुझं वागणं पूर्वीसारखं मायेचं राहिलं नाही, लोक तुझ्यापुढे मत मांडायला कचरतात, अधिकार आहे तर सौम्यपणाही हवा, असा त्याचा आशय. पंतप्रधानाला हे ऐकवणारं माणूस अख्ख्या देशात दुसरं नसेल. तिने भांडणाची वेळ गाठली नाही, शांत वेळ गाठली.

तिचं स्वतःचं कामही मोठं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी तिने लंडनमध्ये खानावळी उभ्या केल्या, त्याबद्दल १९१८ मध्ये सरकारने तिचा सन्मान केला. दुसऱ्या महायुद्धात बाँबपासून बचावाच्या तळघरांतून ती फिरली. तिथली घाण, ओल, संडासांची दैना पाहून सुधारणांसाठी पाठपुरावा केला. रेडक्रॉसमार्फत रशियासाठी औषधं आणि मदत गोळा केली. १९४५ च्या वसंतात ती स्वतः रशियात गेली, युद्ध संपलं तेव्हा मॉस्कोतच होती. २४ जानेवारी १९६५ ला विन्स्टन गेला. ती १२ डिसेंबर १९७७ पर्यंत, वयाच्या ९२ वर्षांपर्यंत जगली. शेवटच्या वर्षी तर पैशांची ओढाताण म्हणून तिने नवऱ्याने काढलेली काही चित्रं विकायला काढली.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना काय हो, नोकरचाकर होते, खोल्या होत्या. आपल्याकडे दीड खोलीत पाच माणसं. अगदी खरं! शिवाय त्याच्या रात्री ज्यांच्या जिवावर चालल्या, त्या मुलींची झोप कुणी मोजली? ही बाजू विसरून चालणार नाही.

तरी दोन गोष्टी मला घ्याव्याशा वाटतात. एक म्हणजे, कुणाला पहाटे तरतरी येते, कुणाला रात्री, हे बरंचसं शरीराच्या घड्याळावर असतं आणि ते काही अंशी आईवडिलांकडूनच येतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. तेव्हा उशिरा उठणारा तेवढ्यावरून आळशी नाही आणि लवकर पेंगणारी बाई रुक्ष नाही. उशिरा उठणारी सून असेल, तर तिलाही हाच न्याय लावा बरं!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्लेमेंटाइनची सकाळ तिची स्वतःची होती. आपल्याकडची बाई पाचला उठते ती बहुतेक वेळा आवडीने नव्हे. नळ पाचला येतो, डबा सातला लागतो म्हणून. तिचं शरीर कदाचित रात्रीचं असेल, कुणी विचारलंय? म्हणून घरात झोपेवरून वाद झाला तर आधी एवढं तपासा, की हा स्वभावाचा फरक आहे की कामाच्या वाटणीचा. स्वभावाचा असेल तर दोघांनी एकमेकांना सोडून द्यावं. रात्रीच्या माणसाने दिवा आणि आवाज बारीक करावा, पहाटेच्या माणसाने भांडी हळू लावावीत. दिवसातून एक वेळ मात्र दोघं जागी असताना एकत्र बसावं, मग तो संध्याकाळचा चहा का असेना. पण फरक कामाचा असेल, तर रात्री जागणाऱ्याने निजण्याआधी सकाळची भाजी चिरून ठेवायला, डबे पुसून ठेवायला काय हरकत आहे? पाणी भरायची पाळी लावायला काय हरकत आहे?

आणि हे बोलायचं कधी? रात्री एकला नाही, पहाटे पाचलाही नाही. तेव्हा दोघांपैकी एक जण अर्धा झोपेत असतो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बोला. नाहीच जमलं, तर फ्रिजवर चिठ्ठी लावा. मांजराचं चित्र काढलंत तर उत्तमच!