रॅपरवरचं आडनाव

ग्रुपमध्ये कुणाचा बर्थडे असो की रुसवा काढायचा असो, कॅडबरी ठरलेली! पण हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

जॉर्ज कॅडबरीचा जन्म १८३९ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. वडील जॉन यांनी तिथे १८२४ मध्ये चहा, कॉफी आणि कोकोचं दुकान थाटलं होतं. घराणं क्वेकर पंथाचं. लोकांनी दारूऐवजी कोको प्यावा, ही त्यांची तळमळ. पुढे कारखाना निघाला. पण आई गेली, वडिलांची तब्येत ढासळली आणि धंदाही बसला.

१८६१ मध्ये तो जॉर्ज आणि थोरला भाऊ रिचर्ड यांच्या गळ्यात पडला. जॉर्ज तेव्हा होता २१ वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा! आईकडून मिळालेले प्रत्येकी चार हजार पौंड दोघांनी धंद्यात ओतले. तरी तोटाच. जॉर्जनं चहा-कॉफी सोडली, रोजचा पेपरसुद्धा बंद केला.

त्या काळी कोकोचा तेलकटपणा लपवायला त्यात सर्रास स्टार्च मिसळायचे. भावांनी हॉलंडहून मशीन आणलं, जादा कोको बटर दाबून काढलं आणि १८६६ मध्ये बिनभेसळीचा कोको विकायला काढला. तो चालला! उरलेल्या बटरची चॉकलेटं झाली.

१८७९ मध्ये कारखाना शहराच्या धुरातून बाहेर पडला. नव्या जागेचं नाव बोर्नविल. हो, तेच डार्क चॉकलेटवालं! तिथे जॉर्जनं बागांसकट घरं बांधली आणि १९०० मध्ये ती सगळी वसाहत ट्रस्टला देऊन टाकली.

इथेच थांबलो असतो, तर गोष्ट गोड झाली असती. पण १९०१ च्या सुमारास कंपनीच्या कानावर आलं, की साओ टोमे या पोर्तुगीज बेटावर आपला कोको पिकवणारे मजूर जवळपास गुलामच आहेत. चौकशी झाली, सरकारकडे पाठपुरावाही झाला. खरेदी मात्र १९०९ पर्यंत चालूच राहिली. एका वर्तमानपत्रानं ढोंगीपणाचा आरोप केला, तेव्हा कंपनीनं अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जिंकलाही. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी!

१९२२ मध्ये जॉर्ज गेला. १९४८ मध्ये कंपनी मुंबईत आली. धंदा लहान असताना बिनभेसळीचा कोको काढणारा हा माणूस, भरभराटीत असताना मात्र आठ वर्षं थांबला. पुढच्या वेळी रॅपर फाडताना दोन्ही गोष्टी आठवा.