राजर्षी शाहू महाराज : मनातली शिवाशिव घालवणारा राजा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत महापुरुषांची चरित्रं येतात. जन्म, कार्य, निधन एवढं वाचून आपण पान उलटतो. यावेळी आम्ही छत्रपती शाहू महाराजांचं चरित्र एका प्रश्नाला धरून मांडत आहोत. माणसाच्या मनात दुसऱ्या जातीविषयी जी अढी असते ती जाते कशाने? भाषणाने, कायद्याने, की नुसतं शेजारी राहिल्याने?

शेजारी राहून जाते म्हणावं तर आपली कल्याणची लोकल बघा. सकाळच्या गर्दीत अठरापगड जातीची माणसं खांद्याला खांदा चिकटवून उभी असतात. कोणाचा घाम कोणाला लागला याची चौकशी होत नाही. पण तीच माणसं डोंबिवलीला उतरून भाड्याची खोली बघायला गेली की पहिलं आडनाव विचारलं जातं. आमच्या आधीच्या गिरणी कामगारांनी तर याहून वाईट भोगलं. मुंबईच्या गिरण्यांत छप्पर एक, भोंगा एक, पण साचेखात्यात अस्पृश्य माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांना या प्रश्नावर आवाज उठवावा लागला. म्हणजे नुसती जवळीक पुरत नाही. मग काय लागतं? ते शाहू महाराजांच्या आयुष्यात दिसतं.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. बाकीच्या सगळ्या जाती मिळून अकरा!

पुढे १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतो, हे उघडकीला आलं. कारण काय, तर त्याच्या लेखी राजा शूद्र! गादीवर बसलेल्या छत्रपतीची ही गत, तर वेशीबाहेरच्या माणसाची काय असेल? आमच्या मते महाराजांच्या मनात हा विचार तिथे पक्का रुजला.

पण ते रागावून गप्प बसले नाहीत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी वसतिगृहं निघाली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिना एक रुपया दंड!

इथे कोणी विचारील, जातीजातीची वेगळी वसतिगृहं काढून जात कशी जाणार? प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या पोटात अन्न नाही, हातात पाटी नाही, त्याला दुसऱ्याच्या पंगतीत बसवलं तर तो मान खाली घालूनच बसणार. आधी त्याला उभं करायचं, मग बरोबरीने बसवायचं, असा हा क्रम होता. कारण १९१९ साली महाराजांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी पोरं एका शाळेत बसवली. सरकारी विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या सर्वांना खुल्या केल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या त्या १९५४ साली. कोल्हापूर त्याच्या ३५ वर्षं पुढे होतं.

आता गंगाराम कांबळे यांची हकीकत. ते महाराजांच्या पागेत नोकरीला. मराठा नोकरांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना गुरासारखं मारलं गेलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली, पण तिथेच थांबले नाहीत. गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झालं.

पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलसमोर उभी करू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. राजाने कप तोंडाला लावल्यावर दुसरा नाही कसा म्हणणार?

यात काय काय आहे ते नीट बघा. गंगाराम तिथे नोकर नाहीत, दुकानाचे मालक आहेत. पिणारा गिऱ्हाईक आहे, धनी नाही. चहा एकदाच नाही, पुन्हा पुन्हा घेतला जातो. आणि सत्ता उघडपणे बाजूला उभी आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर ग्रंथ लिहिला. दोन समाजांतली अढी भेटीने कमी व्हायची तर दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं आणि कायद्याचा, अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा, असं त्याने मांडलं. पुढे २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी जगभरातले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी अढी कमी होते, आणि अशा अटी पाळल्या तिथे जास्त होते, असंच त्यांना आढळलं. लोकलच्या गर्दीत आणि जुन्या गिरणीत काय कमी होतं ते आता कळलं ना? जवळीक होती, बरोबरी नव्हती.

नुसता कायदाही पुरत नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले. तरी १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं. कोल्हापुरात हुकूम काढणारा राजा स्वतः हॉटेलात जाऊन बसत होता, हा मोठा फरक.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी हजारो लोकांसमोर तरुण बाबासाहेबांचा गौरव केला आणि आपला पुढारी सापडला म्हणून अस्पृश्य समाजाचं अभिनंदन केलं. ‘मूकनायक’लाही त्यांनी पैशाची मदत केली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वयाची ४८ वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्यामागे कोल्हापूरच्या नर्सरी बागेत स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो गंगाराम कांबळे यांनीच.

बंधू-भगिनींनो, आता आपल्याकडे वळू. शिवाशिव दुसरे पाळतात हे आपण रोज बोलतो. पण आपल्या पोरापोरींची लग्नं जमवताना आपण पूर्वीच्या पोटजाती विचारत नाही का? मातंग, चर्मकार वस्तीतल्या घरी जाऊन आपण किती वेळा जेवलो? ही अढीसुद्धा अढीच आहे. ती व्याख्यानाने जाणार नाही.

म्हणून आमची सूचना आहे. वर्धापनदिनाला भोजनदान होतंच. यंदा शेजारच्या चाळींतल्या, सोसायट्यांतल्या सगळ्या समाजाच्या लोकांना पाहुणे म्हणून नुसतं बोलावू नका. त्यांना आदल्या दिवसापासून कामात घ्या. भाजी चिरायला, मंडप बांधायला, वाढायला आपल्याबरोबर उभं करा. पुढच्या महिन्यात त्यांच्या कार्यक्रमाला आपणही तसंच जाऊ. एका दिवसाच्या पंगतीने काही होणार नाही, वर्षभर चालू ठेवावं लागेल. महाराजांनीही एकच कप चहा घेऊन भागवलं नव्हतं.

जय भीम! जय शाहू!