भयाकडून ठेव्याकडे : लक्ष्मीबाई टिळकांची वाटचाल

'स्मृतिचित्रे'कार म्हणून लक्ष्मीबाई टिळकांविषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले आहे. त्यांचा प्रांजळपणा, त्यांचा विनोद आणि त्यांची बोलभाषा यांची वाखाणणी पुरेशी झाली. त्या मानाने त्यांच्या श्रद्धाजीवनाचा विचार मात्र बहुधा पतीच्या धर्मांतराचे एक उपप्रकरण म्हणूनच केला जातो. हा दृष्टिकोन अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे आडनाव गोखले. त्यांच्या जन्माआधीच या घरात भयाने ठाण मांडले होते. मातामह वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणी फाशी झाली. या आघाताने वडिलांचे मन जे हादरले, ते सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात जाऊन स्थिरावले. बाजारातून आलेले मीठ नि साखरदेखील त्या घरात धुतली जाई. परस्पर्शाचे हे भय मुलांच्या अंगी आपोआप मुरले. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी डोळ्यांआड करून चालणार नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. कवी, शीघ्रकोपी आणि एका ठिकाणी पाय न ठरणारा असा हा पुरुष. संसाराची घडी वारंवार विस्कटे; हाती आलेला पैसा घरात टिकत नसे. अशातच १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची पूर्वकल्पना नव्हती.

शेतात दडलेला ठेवा सापडताच आनंदाने सर्वस्व विकून ते शेत विकत घेणाऱ्या मनुष्याचा एक दृष्टान्त शुभवर्तमानात आहे. टिळकांचे चरित्रकार हा दृष्टान्त त्यांना लावू शकतील. पण त्या सर्वस्वात पत्नीचाही संसार होता आणि तो तिला न विचारता विकला गेला, हे विसरता येत नाही. ठेवा एकाला गवसला. किंमत प्रथम दुसरीने मोजली. पती हयात असता आलेला वियोग, पदरी दत्तू हा लहानगा मुलगा, पंढरपुरी आप्तांचा आश्रय आणि लोकांची बोलणी अशी ती सुमारे साडेचार-पाच वर्षे गेली.

त्यानंतर त्या मुलासह पतीकडे परतल्या, परंतु पतीच्या धर्मात नव्हे. ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. हा काळ वाङ्मयदृष्ट्याही मोलाचा आहे. सोवळे सांभाळताना उडालेली तारांबळ त्यांनी पुढे स्वतःवरच हसत लिहिली. ते हसणे मात्र फार उशिरा आलेले आहे. तेव्हाची धास्ती खरी होती. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या बुद्धीने झगडल्या. तो मनुष्यनिर्मित आहे अशी खात्री पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, राहुरीस झाला. हा क्रम लक्षणीय आहे. आधी स्पर्शाचे भय गळाले, मग दीक्षा आली. पतीच्या आग्रहाला त्यात फारसा वाव उरत नाही.

ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरची ही कन्या पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांच्या शुश्रूषेला उभी राहिली. श्रद्धेचा याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज वाटत नाही. अर्थात सगळीच भीती गेली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उद्याच्या शिध्याची चिंता त्यांना अखेरपर्यंत सुटली नाही. टिळकांनी पैसे देऊन टाकू नयेत म्हणून त्या युक्त्या योजत, आणि तरीही घरी आलेल्या पोरक्या पोरांना त्यांनी जेवू घातले.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य जेमतेम सुरू झाले होते. ज्यांना लिहिणे विवाहानंतर शिकावे लागले आणि जोडाक्षरांशी ज्यांचे कधी फारसे जमले नाही, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेण्याचे मनावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. टिळकांच्या ओव्यांशी तुलना केल्यास भाषेचे वैभव येथे कमी आहे, हे मान्य करावे लागेल. पण आपण पाहिलेल्या माणसांविषयी बोलावे तितक्या जवळिकीने ही कवयित्री ख्रिस्ताविषयी बोलते. ख्रिस्ती कीर्तनेही त्या करीत. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने यावयाचे होते. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.