आगबोटीतली साथ आणि हाफकिन

तुमच्या घरातून किंवा शेजारातून कोणी हजला गेले असेल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. सामान बांधून होते, नातेवाईक येऊन भेटून जातात. पण विमानात बसण्यापूर्वी प्रत्येक यात्रेकरूला एक लस टोचून घ्यावी लागते आणि तिचा दाखला बरोबर ठेवावा लागतो. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापावरची ही लस आहे. आफ्रिकेतील काही देशांत जायचे असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. प्रवासी चांगला धडधाकट असतो, त्याला काहीही झालेले नसते. मग दंडात सुई कशासाठी? याचे उत्तर शोधायला आपल्याला विमानांच्या आधीच्या, आगबोटींच्या काळात जावे लागेल. त्या काळातील एका शास्त्रज्ञाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. काळ्या समुद्राच्या काठावरचे हे बंदर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. साथीची भीती या शहराला नवी नव्हती. १८१२ मध्ये तेथे प्लेगने हाहाकार माजवला होता. बाहेरून आलेली जहाजे बंदराच्या एका वेगळ्या भागात थांबवून ठेवत. ठरावीक दिवस गेल्याशिवाय माणसांना शहरात पाऊल टाकू देत नसत. या पद्धतीला क्वारंटीन म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला करन्तीना म्हणता. हा शब्द इटलीतील व्हेनिस बंदरातून आला आणि त्याचा संबंध चाळीस या आकड्याशी आहे. कारण तेथे जहाजांना चाळीस दिवस थांबावे लागे.

शिडाच्या जहाजांच्या काळात ही पद्धत काही प्रमाणात चालून गेली. प्रवासाला महिनेच्या महिने लागत. बोटीवर रोग शिरलाच, तर कित्येकदा तो किनारा येण्यापूर्वीच संपून जाई. आगबोटी आल्या आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. प्रवासी वेगाने जाऊ लागला, तसा रोगही वेगाने जाऊ लागला. १८६५ मध्ये हजच्या दिवसांत मक्केत कॉलऱ्याची, म्हणजे हैजाची साथ पसरली. परतणारे हाजी आगबोटींनी सुएझला उतरले. त्यांच्याबरोबर साथ इजिप्तमध्ये गेली आणि तेथून भूमध्य समुद्रातील बंदरांत पोहोचली. युरोपातील सरकारे घाबरली. त्यांनी परिषदा भरवल्या, नियम केले. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हाजींच्या बोटी थांबवल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थानातून निघालेले गरीब यात्रेकरू त्या तापलेल्या बेटावर दिवस मोजत बसत. त्यांना हा मुक्काम फार जाचक वाटे, आणि तो तसा होताही.

हाफकिन या काळात ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होते. इल्या मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. हाफकिन हुशार होते, पण ज्यू होते. धर्म बदलल्याशिवाय त्यांना विद्यापीठात पुढची वाट मोकळी नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. तेथेही जागा मिळाली ती ग्रंथालयातील मदतनिसाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम होता. एक गोष्ट येथे लक्षात ठेवा. हाफकिन हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते. पुढे हिंदुस्थानातील अनेक इंग्रज डॉक्टरांना हीच गोष्ट सलत राहिली.

त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर महिनाभरातच जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात कॉलऱ्याची साथ फुटली. सुमारे ८,६०० माणसे दगावली. त्याच बंदरातून हजारो गरीब लोक अमेरिकेला निघत. मोराविया नावाची आगबोट हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा वाटेत २२ प्रवासी मरण पावले होते. अमेरिकेने बोटी समुद्रातच अडवून धरल्या. आत निरोगी माणसे आणि रोगी माणसे एकाच लोखंडी पेटीत कोंडल्यासारखी झाली. बोट अडवल्याने किनाऱ्यावरची माणसे वाचतील, पण बोटीवरच्यांचे काय? क्वारंटीनच्या पद्धतीकडे याचे उत्तर नव्हते. हाफकिन यांची लस वेगळ्या दिशेने जाणारी होती. माणसाला थांबवून ठेवण्याऐवजी त्याच्या शरीरातच रोगाशी लढण्याची तयारी करायची आणि मग त्याला जाऊ द्यायचे.

पण लस खरोखर उपयोगी आहे हे दाखवायला साथीच्या प्रदेशात जावे लागणार होते. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. १८९४ मध्ये कट्टल बागान या वस्तीत कॉलरा झाला. तेथे सुमारे २०० लोक राहत होते. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढच्या दिवसांत त्या वस्तीत जे मेले, ते सगळे लस न घेतलेले होते. मग कामाला वेग आला. आसामच्या चहाच्या मळ्यांकडे जाणाऱ्या मजुरांत कॉलरा नेहमीचाच होता. हे मजूर नदीतील आगबोटींतून आणि छावण्यांतून दाटीवाटीने जात. हाफकिन तेथेही पोहोचले. सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी लस टोचली. शेवटी मलेरियाने त्यांनाच गाठले आणि विश्रांतीसाठी युरोपला परतावे लागले.

ते परत आले आणि त्यानंतर मुंबईवर मोठे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागातील रोग्यांत प्लेग ओळखला. मांडवी हा गोदीला लागूनचा, धान्याच्या गोदामांचा भाग. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ आली होती. तेथून बोटींबरोबर ती मुंबईला पोहोचली, असे मानले जाते. प्लेगला तुमच्याकडे ताऊन म्हणतात. नुसते नाव ऐकूनही लोकांचे हातपाय गळत.

मग जे घडले, ते समजून घ्या. लाखो लोक मुंबई सोडून निघाले. रेल्वे स्टेशनांवर आणि धक्क्यांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. परदेशी बंदरे मुंबईच्या बोटींना आत घेईनात. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला देशोदेशींच्या प्रतिनिधींची परिषद भरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने मुंबई व कराचीहून हजला जाणाऱ्या बोटी बंद केल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवले होते, त्यांना घरी बसावे लागले. शहरात घरांची झडती होई, रोग्याला उचलून इस्पितळात नेत. बायकांनाही सोडत नसत. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली.

आणि एवढे करूनही प्लेग पुढे सरकतच होता! याचे कारण पुढे १८९८ मध्ये कळले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखवून दिले, की प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. अधिकारी प्रवाशांच्या काखा तपासत होते, कपडे वाफेत घालत होते आणि तेवढ्यात बोटीतले उंदीर दोरखंडांवरून धक्क्यावर उतरत होते. भीती खरी होती, पण पहारा भलत्याच दारावर बसवला होता. पुढे बोटींच्या दोरखंडांवर पत्र्याच्या मोठ्या गोल चकत्या बसवू लागले. उंदराला त्या ओलांडता येत नाहीत.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काम इतके जोखमीचे, की मदतनीस टिकेनात. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागतो. त्यांनी तो गाईचा किंवा डुकराचा न घेता बकऱ्याच्या मांसाचा केला, कारण ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही अंगात जाणार होती. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांच्याखाली जंतूंच्या वाढीचे धागे झुंबरासारखे लोंबू लागत. ते जंतू उष्णतेने मारले, की लस तयार होई. प्रयोगशाळेतील बुद्धी बरेच जण दाखवतात. ज्यांना सुई टोचायची त्यांच्या घरच्या रीतीभातींचा विचार करणे त्या काळच्या साहेबांत दुर्मीळ होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेपेक्षा ती बरीच मोठी होती. ताप चढला, अंग ठणकू लागले. काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. आणि दोन्ही गटांची तुलना केली. लस घेतलेल्यांत रोग कमी दिसला. कैद्यांवर असा प्रयोग करणे आजच्या नियमांत बसणार नाही, हेही तुम्हांला ठाऊक असावे. लस घेतली की प्लेग होणारच नाही, असे नव्हते. पण रोग होण्याचा आणि मरण्याचा धोका बराच कमी होई.

लोकांच्या मनातील भीती मात्र सहज जाईना. सरकार विष टोचते, अशी अफवा होती. अशा वेळी आगाखान तिसरे पुढे आले. त्यांचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. त्यांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे तर अनेकदा. मग त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोकांनी ती घेतली. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी आपले खुश्रू लॉज हे घर दिले. सरकारनेही हळूहळू धोरण बदलले. लस घेतलेल्याला दाखला मिळू लागला आणि तो दाखवला, की अनेक ठिकाणी प्रवासातील अडवणुकीतून सूट मिळे. हात पुढे केला की अंगात सुई आणि हातात कागद. हजच्या यात्रेकरूंजवळचा दाखला याच वाटेने आला आहे. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. तेथून बाटल्या भरभरून लस देशभर आणि बोटींनी परदेशांत जाऊ लागली.

मग एक घाव बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. चौकशी झाली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे आपली बाजू मांडत राहिले. नंतर नीट तपासले, तेव्हा दिसून आले, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असती, तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले. अखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केले. त्या १९ कुटुंबांचे दुःख मात्र कोणत्याही निकालाने भरून येणारे नव्हते.

हाफकिन कलकत्त्याला परतले, पण त्यांची मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. नव्या लशींचे प्रयोग लोकांवर करण्याचीही त्यांना मुभा नव्हती. ज्याने दोन साथींवर लस शोधली, त्याच्यासाठी हे पद म्हणजे केवळ एक खुर्ची होती. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला गेले. १९२५ पर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. त्याच वर्षी परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते, आणि या बातमीने त्यांना फार आनंद झाला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९३३ मध्ये, हॉलंडमधील हेग शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी पुन्हा जमले. या वेळी त्यांच्यासमोर आगबोटी नव्हत्या, विमाने होती. पिवळा ताप पसरवणारा एखादा डास विमानात शिरला, तर काही तासांत तो दुसऱ्या खंडात उतरेल, ही काळजी त्यांना पडली होती.